अकरा मिनिटांची उसनवारी

आमच्या क्लबात कागदांचं काम मी बघते. बावीस वर्षं बघते आहे, आणि या बावीस वर्षांत आल्माग्रेरा क्लबाचा एकही खेळाडू नोंदणीचं कार्ड नाही म्हणून मैदानाबाहेर बसलेला नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही. खरं तर थोडं फुशारकीनेच सांगते. दर रविवारी सकाळी सगळ्यांची कार्डं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून मी हजर असते. आमचा प्रशिक्षक ऑर्लांडो म्हणतो, "तिया दिओलिंडा आली म्हणजे अर्धा संघ आला." तिया म्हणजे आमच्या पोर्तुगीजमध्ये मावशी. मला सख्खी भाची एकच आहे, पण फॉल रिव्हरमधली फुटबॉलचे बूट घालणारी सगळी पोरं मला तियाच म्हणतात. त्यातली निम्मी आता टकली झाली आहेत.

क्लबाच्या हॉलमध्ये बारच्या मागची भिंत कपची आहे. देशाच्या ओपन कपची. शंभर वर्षांहून जुनी स्पर्धा. पगारी खेळाडूंच्या क्लबांपासून ते आमच्यासारख्या, आठवडाभर छपरं घालणाऱ्या आणि मासे कापणाऱ्या रविवारवाल्यांपर्यंत कुणीही उतरावं, आणि जिंकत राहील त्याने खेळत राहावं. भिंतीवर तीन फोटो आहेत. अठ्ठेचाळीस सालचा जानुआरियो, ज्याने गोलकीपर म्हणून पेनल्टी तोंडाने अडवली आणि दोन दात मैदानात सोडून आला. छप्पन्न सालचा संघ, ज्यांचा न्यूयॉर्कवाल्यांशी सामना नदीवरून आलेल्या धुक्यात झाला. पंचाला गोल दिसलाच नाही, म्हणून त्याने आमच्याच माणसाला विचारलं, आणि रोज सकाळी चर्चला जाणारा तो भला गृहस्थ म्हणाला, "बाहेरून गेला." आम्ही हरलो. आणि त्रेसष्ट सालची उपांत्य फेरी, जी दोनदा बरोबरीत सुटून शेवटी नाणं उडवून ठरली, आणि आमच्या कप्तानाने चुकीची बाजू मागितली.

दर शुक्रवारी म्हाताऱ्यांकडून हे तिन्ही प्रसंग ऐकावे लागतात. दरवर्षी धुकं जरा जास्त दाट होतं आणि दोन दातांचे तीन होतात. त्यानंतर मात्र भिंतीवर काही चढलेलं नाही.

झेफेरीनो बार्सेलोसला ही गोष्ट फार लागायची. तो छपरं घालतो. आता एकतीस वर्षांचा आहे आणि गुडघे पन्नाशीचे. सतरा वर्षांचा असताना त्याचं पहिलं कार्ड मी काढलं, तेव्हापासून दरवर्षी कार्डावर सही करताना तो भिंतीकडे बघून म्हणायचा, "तिया, तिथे सगळे मेलेलेच टांगलेत. एखादा जिवंत नको का?" यंदा सही करताना म्हणाला, "हे शेवटचं. डॉक्टर म्हणतो, छपरावर चढायचं असेल तर खेळ सोड." आणि हसला. मला हसू आलं नाही.

यंदा आम्ही पात्रता फेऱ्या पार करून मुख्य स्पर्धेत गेलो, आणि पहिल्याच फेरीत शेजारच्या राज्यातला एक पगारी क्लब आमच्या दारात आला. मे महिन्यातला बुधवार होता. आमच्या मैदानाला दिवे नाहीत, म्हणून सामना पाच वाजता ठेवलेला. गावातल्या अर्ध्या गवंड्यांनी त्या दिवशी दुपारी दोनलाच थापी खाली ठेवली. कुंपणाला चार-चार रांगांनी माणसं. कोपऱ्यात शोरिसो भाजत होते, आणि त्या सॉसेजच्या धुराने बाजूच्या पंचाचे डोळे चुरचुरत होते. त्यांचे खेळाडू मऊ गाद्यांच्या बसमधून उतरले. आमचा मधल्या फळीतला पोरगा सिमेंटच्या ट्रकमधून उतरला.

मी कार्डं दिली, यादी दिली. कपच्या ऑफिसकडून आलेले निरीक्षक हॅलोरन म्हणून एक सभ्य गृहस्थ होते. त्यांनी यादी वाचून मान डोलावली. "इतकी नीट यादी मला मोठ्या क्लबांकडूनही मिळत नाही," असं म्हणाले. मी हवेतच होते.

विसाव्या मिनिटाला पगारी क्लबाने गोल केला. अपेक्षितच होता. लोक जरा गप्प झाले, आणि तेवढ्यात माझा मेहुणा तिबुर्सियो भाजलेला शोरिसो पावात घालून माझ्याजवळ आला. तिबुर्सियो म्हणजे माझ्या बहिणीचा, फिलोमेनाचा नवरा, आणि पलीकडच्या रस्त्यावरच्या रिबेरिन्या क्लबाचा अध्यक्ष. एरवी आम्हाला पाण्यात बघणारा त्यांचा सगळा क्लब त्या दिवशी आमच्या बाजूने ओरडत होता.

"घाबरू नकोस, मेहुणीबाई," तो तोंडभर घास घेऊन म्हणाला. "तो झेफेरीनो आहे ना, तो काढेल बाहेर. शेवटी कपमधली सुरुवात त्याने माझ्याकडेच केली. अकरा मिनिटांत सगळं शिकवून पाठवला मी त्याला."

"कसली सुरुवात?"

"अगं, डुक्कर कापायच्या दिवशी नाही का! पाच जण माझे वेस्टपोर्टला डुक्कर धरून बसले होते, आणि तू झेफेरीनोला पाठवलंस."

"तो लीगचा सामना होता."

"लीगचा? ऑक्टोबरात त्या रविवारी लीगला सुट्टी होती. यंदाच्या कपची पात्रता होती ती, आमची. चार-शून्य मार खाल्ला, आठवत नाही?" तो हसला. "तुला कसं आठवेल, तुमच्या प्रतिस्पर्ध्याने आधीच नाव काढून घेतलं होतं, तुम्ही घरी बसून पुढे गेलात."

मी कार्डांचा डबा छातीशी धरला.

माणूस उसना देणं आमच्यात नवीन नाही. साखर संपली की शेजारणीकडे वाटी घेऊन जावं, तसं ते. मैदानावर निदान सात माणसं उभी नसतील तर सामना सुरूच होत नाही, हरल्याचं लिहितात. त्या रविवारी सकाळी तिबुर्सियोचा फोन आला तेव्हा मी सूपसाठी पालेभाजी चिरत होते. "सहाच आहेत गं माझ्याकडे! एक माणूस दे, आमचे येईपर्यंत." झेफेरीनोची बायको रिबेरिन्याकडची. तिशी उलटलेल्यांच्या शनिवारच्या सामन्यांत तो त्यांच्याकडून खेळतो, म्हणून त्यांच्या क्लबाचंही कार्ड त्याच्या नावाने होतं, रीतसर. तेही मीच काढलेलं, कारण तिबुर्सियो कॉम्प्युटरसमोर बसला की घरात भांडण होतं. मी झेफेरीनोला फोन केला, त्याचं ते दुसरं कार्ड दिलं आणि सांगितलं, "जा, धावत जा." मी एवढंच विचारलं होतं की कुठल्या मैदानावर. सामना कुठला, ते विचारलं नाही. पाच जण बाह्यांना रक्त लागलेल्या सदऱ्यांनिशी पोहोचले, झेफेरीनो बाहेर आला, आणि मग सगळे त्याच डुकराचं मटण खायला गेले. मीही गेले होते.

कपचा नियम एका ओळीचा आहे. यंदाच्या कपमध्ये एका क्लबाकडून ज्याने मैदानात पाय टाकला, त्याला त्या वर्षी दुसऱ्या क्लबाकडून खेळता येत नाही. खेळला तर सामना गेला, तीन-शून्य. हा नियम दरवर्षी पोरांना मीच वाचून दाखवते, चष्मा लावून.

"तिबुर्सियो, यादीत त्याचं नाव लिहिलं होतंस?"

"मग काय, हेराफेरी करू? त्याचं नाव, त्याचं कार्ड, सगळं सचोटीने!" तो दुखावल्यासारखा म्हणाला. "तूच तर शिकवलंस, कागद नेहमी नीट ठेवावेत."

त्याला बोलून काही उपयोग नव्हता. तो पाव खात आपल्या लोकांत गेला आणि मी हॅलोरनसाहेबांकडे गेले. विचारलं, असंच, माहिती म्हणून, "समजा एखादा खेळाडू नियमात बसत नाही असं सामना चालू असताना लक्षात आलं, तर काय करतात?"

"कुणी त्यांचा आहे का?" त्यांनी पगारी क्लबाकडे बोट केलं.

"नाही, सहज विचारते. त्याला लगेच बाहेर काढला तर?"

"मैदानात पाय पडला की पडला, बाई. एक मिनिट काय नि नव्वद काय." ते फार आपुलकीने बोलत होते. "आम्ही इथे काही ठरवत नाही. पात्रता फेऱ्यांत कुणी बघत नाही, पण मुख्य स्पर्धेत सकाळी नऊला ऑफिस उघडलं की जिंकलेल्या क्लबाची यादी वर्षभराच्या सगळ्या याद्यांशी ताडून बघतात. त्यातून काही सुटत नाही."

"जिंकलेल्या क्लबाची?"

"हरलेल्याची कशाला बघतील? तो तर घरी गेला."

मी परत येऊन बाकावर बसले. समोर खेळ चालला होता आणि झेफेरीनो त्या महागड्या बुटांच्या मधून वाट काढत होता. तो काढून टाकला तरी सामना गेलेला, ठेवला तरी गेलेला. पाच वाजता शिट्टी वाजली त्याच क्षणी सामना गेला होता, आणि मैदानातल्या बावीस जणांना, कुंपणापाशीच्या दीड हजार माणसांना त्याचा पत्ता नव्हता. हरलो तर मात्र कुणी कधी बघणार नाही. शूर पोरं, पगारी लोकांशी शून्य-एक हरली, एवढंच राहील. झेफेरीनो मान वर करून घरी जाईल.

बावीस वर्षं मी सांतो क्रिस्तोकडे एकच मागणं मागत आले, एकदा तरी पगारी क्लबाला हरवू दे. त्या दिवशी बाकावर बसून मी म्हटलं, देवा, आम्हाला हरव. मोठ्याने म्हटलं नाही, पण म्हटलं. मला स्वतःचीच किळस आली.

मध्यंतरात मी ऑर्लांडोकडे गेले. तो गवतावर बसलेल्या पोरांना हातवारे करून काही तरी समजावत होता. मी म्हटलं, "ऑर्लांडो, दोन मिनिटं बाजूला ये, कागदाचं काम आहे."

"तिया, आज कागद मरू दे! सामना संपल्यावर!"

"महत्त्वाचं आहे रे."

"तिया," तो माझे खांदे धरून म्हणाला, "त्यांचा डावा बचावपटू दमलाय. दमलाय! आपण यांना हरवणार आहोत. तू फक्त प्रार्थना कर."

झेफेरीनो मागे गुडघ्याला पट्टी गुंडाळत बसला होता. त्याने माझ्याकडे बघून डोळा मारला. आता तोंड उघडलं तर हे अकरा जण इथेच, या गवतावरच मोडून पडतील, आणि हाती तर काहीच लागणार नाही. मी तोंड मिटलं आणि त्यांना पाण्याच्या बाटल्या भरून दिल्या. दुसरं करण्यासारखं काय होतं?

एकसष्टाव्या मिनिटाला सिमेंटच्या ट्रकमधून आलेल्या पोराने गोल केला. लांबून, डोळे मिटून मारला असावा. लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. माझ्या शेजारच्या बाईने मला इतकं घट्ट धरलं की माझा चष्मा पडला. मी तो शोधत खाली वाकले आणि जितका वेळ शोधता येईल तितका वेळ शोधत राहिले.

मग मी घड्याळ बघू लागले. एक-एक राहिलं तर जादा वेळ, मग पेनल्टी. पेनल्टीत तरी हरतील. पगारी लोक पेनल्टी चुकवत नाहीत. एका बाजूने असा हिशेब, आणि दुसऱ्या बाजूने बॉल त्यांच्या गोलाजवळ गेला की माझा जीव वर यायचा, माझीच जीभ आतून ओरडायची, मार, मार! माणसाने एकाच वेळी दोन्ही मागावं कसं? मला कळेना मी कुणाच्या बाजूने बसले आहे.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला त्यांचा तो डावा बचावपटू खरोखरच दमला. बॉल त्याच्या मागे पडला आणि झेफेरीनो त्यावर धावला. त्याचं धावणं मी चौदा वर्षं बघते आहे. त्या दिवशी तो लंगडत धावला, पण धावला. गोलकीपर पुढे आला. झेफेरीनोने घाई केली नाही. पाय बॉलखाली घातला आणि हळूच, ताटात वाढावं तसा, त्याच्या डोक्यावरून आत टाकला.

मी उठले. सगळे उठले म्हणून नव्हे, माझे पायच उठले. मी ओरडले. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर गोल होता तो, आणि तो झालाच नव्हता. माझ्याखेरीज हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी ओरडता ओरडता रडायला लागले, तर ऑर्लांडोने मला उचललं. "रड तिया, रड! आज रडायचंच!" तिबुर्सियो मुठीने डोळे पुसत सगळ्यांना सांगत सुटला होता, "माझ्याकडे खेळलाय तो! विचारा माझ्या मेहुणीला!" मी त्याचा दंड धरून त्याला मागे ओढला, तर त्याने मलाच मिठी मारली.

शिट्टी वाजली. दोन-एक. पगारी क्लबाच्या प्रशिक्षकाने येऊन ऑर्लांडोचा हात हातात घेतला. हॅलोरनसाहेबांनी माझ्याकडून यादीची प्रत घेतली, जपून पाकिटात घातली आणि म्हणाले, "अभिनंदन, बाई. या कपात असे दिवस फार थोडे येतात."

हॉलमध्ये सात वाजता उभं राहायला जागा नव्हती. खिडक्यांतून अजून ऊन येत होतं. कुणी बिअरची पिंपं फोडली, कुणी ड्रम घेऊन आलं. शुक्रवारी धुक्याची गोष्ट सांगणारे म्हातारे भिंतीकडे पाठ करून बसले होते, पहिल्यांदाच. मी भाज्यांच्या सूपची भांडी उचलत होते, ठेवत होते, परत उचलत होते. कुणी थांबवून गालाचं चुंबन घेतलं की हसत होते. वाटत होतं, निदान एका माणसाला सांगितलं नाही तर मी इथेच कोसळेन.

झेफेरीनो मागच्या पायऱ्यांवर बसला होता, गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून. आतून त्याच्या नावाचा गजर चालला होता. मी शेजारी बसले.

"तिया, बघितलास ना? हळूच टाकला की नाही?" तो हसत म्हणाला.

"हळूच टाकलास रे बाळा."

"फिरोजी रंगाचा होता त्या गोलकीपरचा शर्ट. मला फक्त तोच दिसत होता."

मी सांगून टाकलं. ऑक्टोबर, डुक्कर, अकरा मिनिटं, दुसरं कार्ड, सगळं. बर्फाची पिशवी गुडघ्यावरून घसरून पायरीवर पडली, ती त्याने उचलली नाही.

"तो कपचा सामना होता, हे मला माहीत होतं," तो शेवटी म्हणाला.

"माहीत होतं?"

"तिथे फलक होता ना मोठा. मनात आलं होतं, हे चालतं का. पण कार्ड तू दिलं होतंस." त्याचा आवाज अगदी साधा होता, त्यात राग असता तर बरं झालं असतं. "तिया दिओलिंडाने कार्ड दिलं म्हणजे चालत असणार. म्हणून विचारलं नाही."

मी ती पिशवी उचलून परत त्याच्या गुडघ्यावर ठेवली.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. तिबुर्सियोला अजून समजलेलंही नाही."

"कधी कळेल?"

"सकाळी नऊला ऑफिस उघडतं."

त्याने मान हलवली. आतून चार-पाच जण धावत आले, "अरे इथे लपलाय हा!" म्हणत त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. दारातून आत जाताना त्याचं डोकं चौकटीला लागू नये म्हणून मीच ओरडले, "खाली वाक!" तो वाकला. आत गेल्यावर त्याने दोन्ही हात वर केले, सगळ्यांना हवं होतं तसं, आणि तोंड भरून हसला. मी दारात उभी राहून बघत होते. पाच मिनिटांपूर्वी पायऱ्यांवर तो हसला होता ते हसू हे नव्हतं. ते मी काढून घेतलं होतं, मला एकटीला ओझं पेलवेना म्हणून.

सामना मला वाचवता येणार नव्हता, गोल वाचवता येणार नव्हता. नऊ वाजेपर्यंत गप्प बसणं, एवढंच काय ते माझ्या हातात होतं. तेवढंही मला जमलं नाही.